उतरत्या पावसाळ्यातली मासेमारी : धोका ओळखायचा कसा?

(गोदाकाठी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)



आजचा विषय थोडा वेगळा आहे. पुरावर आपण जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळ बोलतो. वर्तमानपत्रं बोलतात, टीव्ही बोलतो, गंगेवर पूर बघायला गर्दी होते. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. गणपती उठलेत, ऊन पडलंय, नदीचं पाणी जरा निवळलंय, आणि दुपारी दोन-तीन जण गळ आणि फेकजाळं घेऊन धरणाच्या खालच्या अंगाला खडकावर जाऊन बसलेत. आकाश निळं आहे. ह्या चित्रात कुणालाच धोका दिसत नाही, म्हणूनच त्याच्याबद्दल बोलायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "नदीवर जाऊच नका" हे सांगायला मी आलेलो नाही. ज्यांचं घर मासेमारीवर चालतं त्यांना हे सांगणं म्हणजे शेतकऱ्याला शेतात जाऊ नको म्हणण्यासारखं आहे. आणि हे दिवस मासळीचेच असतात. श्रावण पाळणारी घरं गणपतीनंतर पुन्हा बाजाराकडे वळतात, भाव बरा मिळतो. सांडव्यावरून पाणी वाहिलेलं असतं, त्याबरोबर धरणातले रोहू, कटला, मृगळ खाली उतरलेले असतात आणि डोहांमध्ये अडकतात. पाणी ओसरू लागलं की हे डोह हाताशी येतात. त्यामुळे माणूस जाणार. प्रश्न एवढाच, की जाताना त्याने काय बघायचं.

भरलेली बादली

आपण गंगापूर धरण डोळ्यांसमोर ठेवू. मातीचं धरण, शहराच्या वरच्या अंगाला, गोदावरीवर. त्याच्याही वर काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणं. पाऊस पडतो तो मुख्यतः त्र्यंबकच्या डोंगरांत. पाणी तिथून खाली येतं, धरणात थांबतं आणि मग पुढे आपल्याकडे येतं.

आता जूनचा विचार करा. जमीन तापलेली, भेगाळलेली. धरण बरंच रिकामं. समजा वरच्या बाजूला १०० चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी होतं ५० लाख घनमीटर. त्यातलं बरंचसं जमीन पिते. समजा पाचवा हिस्सा, म्हणजे १० लाख घनमीटर धरणात आलं, तर धरण ते पोटात घेतं. खाली नदीत एक थेंबही वाढत नाही.

तोच पाऊस, तेवढाच, सप्टेंबरच्या शेवटी पडला तर? जमीन तीन महिने भिजलेली आहे, आणखी पाणी प्यायला ती तयार नाही. समजा आता साठ टक्के पाणी वाहून आलं. ते झालं ३० लाख घनमीटर. आणि धरण? धरण भरलेलं आहे. हा कुणाचा हलगर्जीपणा नाही, ते भरलेलंच असायला हवं. प्रत्येक धरणाला एक वेळापत्रक असतं, त्याला जलाशय परिचालन सूची म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुरासाठी थोडी जागा राखून ठेवायची आणि हंगाम संपत आला की धरण भरून घ्यायचं, कारण पुढचे आठ महिने पिण्याचं आणि शेतीचं पाणी त्यातूनच द्यायचंय.

म्हणजे जी मोकळी जागा तुमचं रक्षण करत होती, ती हंगामाच्या शेवटी संपलेली असते. आता जेवढं पाणी वरून येणार, जवळजवळ तेवढंच खाली सोडावं लागणार. ते ३० लाख घनमीटर सहा तासांत आलं तर हिशोब होतो जवळपास ४,९०० क्यूसेकचा. हे आकडे मी समजवण्यासाठी घेतलेत, कुठल्या एका दिवसाचे नाहीत. पण मुद्दा पक्का आहे : पाऊस तेवढाच, जूनमध्ये नदीत काही नाही आणि सप्टेंबरमध्ये पाच हजार क्यूसेक.

क्यूसेक म्हणजे किती?

बातमीत आपण ऐकतो, "विसर्ग अमुक क्यूसेकने वाढवला." बहुतेकांना हा आकडा नुसता ऐकू येतो, दिसत नाही. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. हजार क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास तीन टँकर. पाच हजार म्हणजे दर सेकंदाला चौदा टँकर. तुम्ही "एक, दोन, तीन" म्हणेपर्यंत बेचाळीस टँकर तुमच्या समोरून गेले.

आणि पाण्याचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाण्यात सकाळी आरामात उभा राहिलेला माणूस दुपारी तेवढ्याच गुडघाभर पाण्यात उभा राहू शकत नाही. वेगवान पाणी असेल तर घोट्याच्या जरा वर, पंधरा सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचा पाय उचलतं. "पाणी कमरेच्या खाली आहे ना, मग काय होतंय" हे गणित चुकतं ते इथे.

दुतोंड्या मारुती काय सांगतो, काय सांगत नाही

नाशिककरांना पूर मोजायला आकडे लागत नाहीत. आपला दुतोंड्या मारुती आहे. पाणी पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला आलं की गावभर निरोप जातो. मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं म्हणजे मोठा पूर. जुनी माणसं त्याच्याही पुढे जाऊन नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी आल्याचं सांगतात. १९६९ चा पूर, २००८ चा, २०१६ चा, २०१९ चा, सगळे आपण असेच लक्षात ठेवलेत. ही फार चांगली खूण आहे. कुणालाही वाचता येते आणि जुन्या पुरांशी तुलना करता येते.

पण तिची मर्यादा ओळखा. मारुती सांगतो की पाणी आलंय. पाणी येणार आहे, हे तो सांगत नाही. आणि तो सांगतो रामकुंडापाशी काय झालं ते. तुम्ही धरणाच्या खाली किंवा सोमेश्वराच्या वरच्या अंगाला खडकावर बसला असाल, तर मारुतीच्या पायाला लागणारं पाणी आधी तुमच्या पायाला लागून गेलेलं असतं. शिवाय शहरातल्या पातळीत नासर्डीचं, वाघाडीचं पाणीही मिसळतं. म्हणजे मारुतीची खूण शहरासाठी आहे, मच्छीमारासाठी नाही. मच्छीमाराची खूण वरच्या बाजूला असते : त्र्यंबककडचं आभाळ आणि धरणाची टक्केवारी.

परतीच्या पावसाची तऱ्हाही लक्षात घ्या. तो जुलैसारखा सलग लागत नाही. दुपारपर्यंत लख्ख ऊन, मग चार वाजता एका डोंगरावर ढग फुटल्यासारखा पडतो आणि शेजारच्या गावात धूळ उडत असते. तुमच्या डोक्यावर ऊन आहे यावरून वर काय चाललंय याचा काहीही अंदाज बांधता येत नाही.

आधी वाट बुडते

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

कॉलेजात असताना आम्ही तिघं-चौघं मित्र अशाच एका दुपारी नदीत गेलो होतो. मधोमध उंच, सपाट खडक होता. तिथे जायला काठापासून एक उथळ पट्टा ओलांडायचा, घोटाभर पाणी. खडकावर बसलो, गळ टाकले. तासाभराने माझं लक्ष गेलं ते पाण्याच्या रंगाकडे. जरा मातकट वाटत होतं. पण आमचा खडक कोरडा होता, पाणी त्याच्या कडेपासून हातभर खाली होतं. त्यामुळे कुणी उठलं नाही. काठावर एक म्हातारे गृहस्थ जाळं धूत होते, त्यांनी ओरडून हात केला. आम्ही मागे वळून बघितलं तर घोटाभर पाण्याचा तो पट्टा मांडीभर झाला होता आणि धावत होता. एकमेकांचे हात धरून बाहेर आलो. एकाचा पाय सुटला, तो दहा-पंधरा फूट वाहत गेला आणि झुडपाला अडकला. गळ, पिशव्या, चपला सगळं गेलं. आणखी दहा मिनिटं बसलो असतो तर मी आज इथे नसतो.

असं का होतं? आपल्या नदीचं पात्र काळ्या पाषाणाचं आहे. ते सपाट नाही. त्यात रांजणखळगे आहेत, चर आहेत, उंच-सखल पायऱ्या आहेत. माणूस बसायला नेहमी उंच खडक निवडतो. पण पाणी वाढतं तेव्हा आधी सखल चर भरतात, आणि काठाकडे परत जायची वाट बहुतेक वेळा अशाच एखाद्या चरातून असते. म्हणजे तुम्ही बसलात ती जागा शेवटी बुडते, परतीची वाट आधी बुडते. तुमचे पाय कोरडे असतात तेव्हाच तुम्ही अडकलेले असू शकता.

म्हणून नदीत बसलेल्या माणसाने समोरचं पाणी बघायचं नसतं. मागचं बघायचं असतं.

बर्फावरचे मच्छीमार

आपलं व्याख्यान परदेशातूनही काही जण ऐकतात, म्हणून एक उदाहरण तिकडचं. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, फिनलंड इथे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फावर चालत जातात, भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडतात. तिथला सर्वसाधारण नियम असा की नवा, स्वच्छ बर्फ चार इंच जाड असेल तर एक माणूस चालू शकतो. पण हा नियम हंगामाच्या शेवटी चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने बर्फाचे कण एकमेकांपासून सुटत जातात, मेणबत्त्या उभ्या रचाव्यात तसे. पट्टीने मोजला तर बर्फ जाडच भरतो, अगदी फूटभरसुद्धा, पण त्याची ताकद गेलेली असते. माप तेच, अर्थ बदललेला.

२००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ईरी तलावावर बर्फाचा एक मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून अधिक मच्छीमार त्यावर अडकले. त्यांच्या पायाखालचा बर्फ मजबूत होता. तडा गेला तो त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये. हेलिकॉप्टर आणि बोटींनी लोकांना काढावं लागलं, एकाचा जीव गेला. आपल्या खडकाची आणि त्या बर्फाची गोष्ट एकच आहे : उभं राहायची जागा पक्की, परतायची वाट कच्ची.

आणखी एक साम्य आहे, ते माणसाच्या मनातलं. तिकडचा मच्छीमार म्हणतो, "डिसेंबरपासून येतोय, काही झालं नाही." आपल्याकडचा म्हणतो, "अख्खा पावसाळा इथेच काढला, काही झालं नाही." पण गेले तीन महिने वाचलो ते धरणात जागा होती म्हणून. आपण त्याचं श्रेय स्वतःच्या अनुभवाला देतो. परिस्थिती बदलली की जुना अनुभव साक्षीला येत नाही. उलट तोच माणसाला बेसावध करतो.

मग करायचं काय?

घरून निघण्याआधी तीन गोष्टी विचारा. धरण किती टक्के भरलंय? सध्या विसर्ग किती आहे, आणि वाढवणार असल्याचा इशारा आहे का? वरच्या पाणलोटात आज पावसाचा अंदाज काय? जलसंपदा विभागाच्या सूचना बातम्यांत आणि गावच्या गटांवर येतात, हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर मिळतो. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. धरण नव्वद टक्क्यांच्या वर आणि डोंगरात पावसाचा अंदाज, हे दोन्ही एकत्र असेल तर त्या दिवशी पात्रात उतरायचं नाही. काठावरून गळ टाका.

जागेवर पोचल्यावर पहिलं काम गळ काढायचं नाही. पाण्याच्या कडेला एक काडी रोवा किंवा दगडावर खूण करा. दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघा. खूण दोन बोटं बुडाली की उठायचं. "अजून एक टाकतो" नाही. पाणी अचानक गढूळ होणं, पालापाचोळा, काटक्या, फेस वाहून येणं, नदीचा आवाज बदलणं, ही सगळी "उठा" असं सांगणारी चिन्हं आहेत. भोंगा वाजला तर तो कशासाठी वाजतोय याची चर्चा काठावर जाऊन करायची.

एकट्याने जाऊ नका. दोघं असाल तर एक जण काठावर. मधल्या खडकावर, बेटावर जायचंच नाही, मग तिथे कितीही मासे असोत.

फेकजाळं टाकणाऱ्यांसाठी खास सूचना. आपण जाळ्याची दोरी मनगटात अडकवतो. वाहत्या पाण्यात जाळं ओंडक्यात किंवा फांदीत अडकलं की तेच तुम्हाला ओढतं. दोरी अशी धरा की हात उघडला की सुटेल. कमरेला तर कधीच बांधू नका. जाळं महाग असतं, मला कल्पना आहे. पण त्याची किंमत मोजता येते.

आणि बंधारे. छोट्या बंधाऱ्यावरून पाणी सारखं, गुळगुळीत पडताना दिसतं, पायथ्याशी मासेही जमतात. पण पडणारं पाणी खाली जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडे उलटं फिरत असतं. त्यात सापडलेला माणूस खाली जातो, वर येतो, परत भिंतीकडे ओढला जातो. पट्टीचा पोहणाराही तिथे थकतो. दिसायला धबधब्याहून शांत, पण सुटायला कठीण. पावसाळा संपताना कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या बसवतात, तेव्हा काल ओळखीची असलेली जागा आज वेगळी झालेली असते, हेही ध्यानात ठेवा.

कुणी वाहून जात असेल तर

मागे उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा गेला आणि दोघेही गेले, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. काठावरून बांबू पुढे करा, दोरी फेका, लुगडं, धोतर, जे असेल ते. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून, दोरीला बांधून जवळ ठेवा. तो साधारण पाच किलोचा भार तोलतो, आणि पाण्यात माणसाचं डोकं वर राहायला तेवढं पुरतं. खर्च शून्य.

स्वतः वाहू लागलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे, वाहत्या दिशेला. मध्येच उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकला तर पाणी तुम्हाला तिथेच वाकवून दाबतं. प्रवाहाच्या विरुद्ध झगडू नका, तिरकं काठाकडे सरका.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या आणि छातीवर दाब सुरू करा. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा.

प्रश्नोत्तरं

*दिवाळीनंतर तरी धोका संपतो ना?*

पावसाचा संपतो, पाणी सोडण्याचा संपत नाही. समन्यायी पाणीवाटपाखाली नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं जातं. २०१८ आणि २०२३ मध्ये ते नोव्हेंबरमध्ये सोडलं होतं. तेव्हा आकाशात ढगाचा तुकडाही असण्याचं कारण नाही. शेतीची आवर्तनं वेगळी. म्हणून वर्षभर एकच सवय ठेवा : नदीत उतरण्याआधी वर काय चाललंय ते विचारायचं.

*आमचे आजोबा हे काहीच विचारत नव्हते. ते नदी बघूनच सांगायचे.*

खरंय, आणि त्यांचं ज्ञान टाकाऊ नाही. रंग, आवाज, काडीची खूण हे सगळं त्यांचंच आहे. पण त्यांच्या तरुणपणी नदी बरीचशी आभाळाच्या हुकमाने वाहायची. आता तिच्यावर दरवाजे आहेत. पाणी हळूहळू चढायच्या ऐवजी टप्प्याने चढतं. आजोबांची नजर ठेवा, तिला मोबाइलवरच्या विसर्गाच्या आकड्याची जोड द्या.

*मुलांना काय सांगायचं? ती ऐकत नाहीत.*

"जाऊ नको" सांगितलं की लपून जातात, आणि लपून गेलेल्या पोराची वाट कुणी बघत नाही. त्यापेक्षा एकदा बरोबर घेऊन जा. काडी रोवायला शिकवा. आणि एक प्रश्न शिकवा, बसल्याजागी दर थोड्या वेळाने स्वतःला विचारायचा : "आत्ता उठलो तर मी घोटा न भिजवता काठावर पोचेन का?" उत्तर "नाही" आलं, किंवा नुसतं "बहुतेक" आलं, तरी उठायचं.

एवढंच.